भूमि-सुधारणेचे गणित : ‘सिव्हिलायझेशन ४’ या संगणकीय खेळाची चिकित्सा

सिड मायर यांच्या नावाशी जोडल्या गेलेल्या ‘सिव्हिलायझेशन’ या खेळमालिकेचा आरंभ १९९१ साली झाला. पाळीपाळीने खेळावयाच्या या डावपेचात्मक मालिकेचा चौथा भाग २००५ मध्ये आला. सोरेन जॉन्सन हे त्याचे मुख्य रचनाकार. त्याच्या चर्चेत युद्धे व मुत्सद्देगिरी यांनाच अधिक स्थान मिळते. प्रत्यक्षात डावाचा निकाल बहुधा एका साध्या प्रश्नावर ठरतो : नगराभोवतीच्या कोणत्या चौकोनावर कोणती सुधारणा उभारावी? खेळ या प्रश्नाचे उत्तर निव्वळ गणिताने मागतो. त्या गणितात जमीन व माणूस यांविषयी जे गृहीत धरले आहे, ते तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

गणित असे. प्रत्येक नागरिक दोन एकक अन्न खातो आणि कुरणाचा चौकोन तेवढेच देतो. त्यावर शेत केले तर एक एकक अन्न शिल्लक राहते. खोपटे उभारले तर शिल्लक राहत नाही, पण एक एकक व्यापारी उत्पन्न मिळते. आणि तेथे नागरिक सातत्याने राबत राहिल्यास १० पाळ्यांनी त्याची वाडी, पुढे २० पाळ्यांनी गाव आणि आणखी ४० पाळ्यांनी कसबा होतो. कसब्याचे मूळ उत्पन्न चार एकक. म्हणजे तीन नागरिक तीन खोपट्यांवर ठेवले, तर ७० पाळ्यांनंतर बारा एकक उत्पन्न हाती येते. तेच तीन नागरिक दोन शेतांवर व एका शास्त्रज्ञाच्या जागी नेमले, तर ज्ञानाचे तीनच एकक मिळतात. मात्र ते लगेच मिळतात आणि थोर शास्त्रज्ञ जन्माला येण्याची शक्यताही वाढते. पिरॅमिड बांधून प्रातिनिधिक शासन लवकर स्वीकारल्यास तिनाचे सहा होतात. खोपट्यांचा पुरस्कार करणाऱ्या खेळाडूंनी ही बाजू अनेकदा कमी लेखली आहे. तरीही सीमेपासून दूर, नदीकाठच्या शांत जागी खोपट्याला तोड नाही, हे मान्य करावे लागते. शत्रूने लुटले तरी कसब्याचे गाव होते, गावाची वाडी होते. वसाहतीला काळ लागतो, हे या खेळाला उमगले आहे.

शेताचे खरे मोल मात्र वेगळ्याच ठिकाणी दिसते. गुलामगिरीची व्यवस्था स्वीकारली की लोकसंख्येचा बळी देऊन बांधकाम तत्काळ पुरे करता येते : एका नागरिकामागे ३० एकक उत्पादन. चार लोकसंख्येच्या नगराला पाचवा नागरिक वाढवण्यास २८ एकक अन्न लागते. धान्यकोठार असल्यास सुमारे १४. चौदा एकक अन्नाचे तीस एकक उत्पादन करून देणारी खाण आरंभीच्या काळात सहसा सापडत नाही. किंमत काय, तर दहा पाळ्यांपुरता एका नागरिकाचा असंतोष. निष्णात खेळाडू शेताची शिफारस करतात तेव्हा अनेकदा हाच हिशेब त्यामागे असतो. परंतु तो ‘अन्न’ आणि ‘उत्पादन’ या निर्विकार शब्दांत मांडला जात असल्याने खटकत नाही.

जमिनीच्या बाबतीतही तेच. जंगलतोड आणि गुलामगिरी या दोन्ही गोष्टी एकाच कांस्यविद्येने खुल्या होतात, हा योगायोग बोलका आहे. जंगल तोडल्यास एकरकमी उत्पादन मिळते, राखल्यास थोडेसे आरोग्य; घाईच्या डावात तोडणेच श्रेयस्कर ठरते. उत्तरकाळात येणारे वाळवंटीकरण सोडले, तर जमीन कसल्याने कधीच झिजत नाही. दक्षिण मेसोपोटेमियात सिंचनाने शेते क्षारयुक्त झाली. येथे पूरमैदानातील शेत सहा हजार वर्षे तेवढेच पिकते. श्रम मिसळल्यानेच जमिनीला मोल व मालकी येते, हा जॉन लॉकने सतराव्या शतकाच्या अखेरीस मांडलेला विचार येथे नियम होऊन बसला आहे. न सुधारलेली जमीन म्हणजे वाया गेलेली जमीन. तेथे आधी कोणी चरत, वेचत, राहत असेल, तर त्याची नोंद ‘रानटी’ या एकाच सदरात होते.

या चौकटीत भारताला दिलेले स्थान लक्षणीय आहे. रोमला प्रीटोरियन सैनिक मिळतो. इतरांनाही आपापले लढवय्ये मिळतात. अशोक किंवा गांधी यांच्या नेतृत्वाखालील भारताचे वैशिष्ट्य म्हणजे ‘जलद कामगार’. तो पाळीला दोनऐवजी तीन चौकोन चालतो. डावपेचाच्या दृष्टीने ही देणगी मोलाची आहे, कारण जंगलात शिरल्या पाळीतच तो तोड सुरू करू शकतो. पुढे २०१६ च्या सहाव्या भागात कामगाराला मोजक्याच कामांची मर्यादा आली, आणि २०२५ च्या सातव्या भागातून तो पटावरून नाहीसाच झाला. नगर वाढले की चौकोन आपोआप सुधारतो.