पुस्तक चालतं, प्रयोग चालत नाही

गेल्या व्याख्यानात आपण फ्रांत्झ फॅनन यांच्या एका इशाऱ्यापाशी थांबलो होतो. स्वातंत्र्यानंतर देशी सत्ताधारी जुन्या मालकाच्याच खुर्चीत जाऊन बसतात, हा तो इशारा. आज त्याचंच एक उदाहरण तपासू.

साल १९७७. केनियाला स्वतंत्र होऊन चौदा वर्षं होत आली होती. जुलै महिन्यात न्गुगी वा थिओंगो यांची 'पेटल्स ऑफ ब्लड' ही इंग्रजी कादंबरी आली. स्वतंत्र केनियातले जमीनमालक, बँका, पुढारी यांच्यावर तिच्यात कोरडेच ओढलेले आहेत. आणि गंमत बघा, नैरोबीत तिचं प्रकाशन झालं ते अर्थमंत्री म्वाई किबाकी यांच्या हस्ते!

२ ऑक्टोबरला न्गुगी वा थिओंगो आणि न्गुगी वा मिरी यांचं गिकुयू भाषेतलं नाटक लिमुरूजवळच्या कामिरीथू गावात सुरू झालं. 'मला वाटेल तेव्हा मी लग्न करीन' असा त्याच्या नावाचा अर्थ. १६ नोव्हेंबरला प्रयोगाचा परवाना रद्द झाला. ३१ डिसेंबरला थिओंगोंना अटक झाली. खटला नाही, सुनावणी नाही, जवळपास वर्षभर कामिटीचा तुरुंग.

लेखक तोच, टीका तीच, सरकार तेच. मग जुलै ते डिसेंबर या काळात बदललं काय?

ठरलेलं उत्तर आहे, भाषा. न्गुगींच्या १९८६ च्या 'डीकॉलनायझिंग द माइंड' या पुस्तकाचा आधार घेऊन मीही वर्गात वर्षानुवर्षं हेच सांगितलं. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "सर, सरकारला भाषेचीच भीती होती, तर पुढे गिकुयू पुस्तकं छापू कशी दिली?" त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं.

प्रश्न रास्त होता. तुरुंगातल्या शौचालयाच्या कागदावर न्गुगींनी गिकुयूत जी कादंबरी लिहिली, ती आणि हे नाटक, दोन्ही १९८० साली केनियातच छापून निघाली. लोक घरांत, गुत्त्यांत एकत्र बसून ती कादंबरी मोठ्यानं वाचत. पण ते घोळके विखुरलेले होते. कामिरीथूत मात्र सगळं गाव एका जागी उभं राहिलं होतं.

हे गाव वसलं कसं, तेही पाहायला हवं. १९५० च्या दशकात माऊ माऊ उठाव मोडण्यासाठी इंग्रजांनी आणीबाणी पुकारली. शेतकऱ्यांना वस्त्यांवरून हुसकून पहाऱ्यातल्या गावांत कोंबलं. कामिरीथू त्यांतलंच एक. बंदुकीच्या धाकानं गोळा केलेली माणसं पंचवीसेक वर्षांनी आपणहून गोळा झाली. त्यांनी स्वतः खुलं नाट्यगृह उभारलं. तालमी उघड्यावर चालत. म्हातारी माणसं संवाद दुरुस्त करत, गाणी आठवून देत. नाटकातल्या लुटुपुटीच्या बंदुका तर उठावाच्या काळात खऱ्या बंदुका बनवणाऱ्यांनीच घडवल्या!

आता समीक्षक म्हणून एक कबुली देतो. हे नाटक नुसतं छापील वाचलं तर ढोबळ वाटतं. दीड एकरवाला किगूंडा, त्यानं भिंतीवर जपून लावलेला जमिनीचा कागद, त्या जमिनीवर डोळा ठेवून असलेला श्रीमंत कियोई. चर्चमधल्या लग्नासाठी काढलेलं कर्ज आणि शेवटी गेलेली जमीन. पात्रं ठोकळेबाज आहेत, भाषणं लांबतात. पण प्रयोग बघणाऱ्यांत कितीतरी जणांचं दीड एकरसुद्धा उरलेलं नव्हतं. भिंतीवरचा तो कागद त्यांच्यासाठी निव्वळ 'प्रतीक' कसा असेल? आपण छापील संहितेला मापं लावतो. घडलेली गोष्ट त्या मापात बसत नाही, आणि मग आपण म्हणतो, कलाकृती कमी पडली.

म्हणून माझं म्हणणं असं की भाषा हे अर्धंच उत्तर आहे. भाषेमुळे माणसं एकत्र आली, हे खरं. पण सत्तेला भय वाटलं ते त्यांच्या एकत्र येण्याचं. न्गुगींना हे ठाऊक होतं. त्याच पुस्तकात रंगभूमीवर स्वतंत्र प्रकरण आहे. आपण मात्र भाषेवरचं पहिलं प्रकरण शिकवतो आणि पुढचं पान उलटत नाही. १९८२ च्या मार्चमध्ये सरकारनं काय पाडलं, आठवा. छापखाना नाही पाडला. पोलिस पाठवून ते नाट्यगृह जमीनदोस्त केलं.

हा धडा आपल्याला नवा नसावा. १८७६ चा नाट्यप्रयोगांवरचा कायदा इंग्रजांनी इथे केला आणि त्याच कायद्याखाली १९१० मध्ये खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर बंदी आली. फरक इतकाच की तिथे बंदी घालणारं सरकार परकं होतं. कामिरीथूचा परवाना रद्द झाला तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते जोमो केन्याटा. ते स्वतः गिकुयू भाषक, आणि स्वतः इंग्रजांच्या कैदेत वर्षं काढलेले.

तेव्हा प्रतिकाराचं साहित्य अभ्यासताना 'यात काय लिहिलंय?' एवढंच विचारून थांबू नका. ते कुणी कुणासोबत बसून वाचलं, पाहिलं, दुरुस्त केलं, हेही विचारा. त्या मुलीला मी तेव्हा उत्तर देऊ शकलो नाही. आज दिलंय, थोडं उशिरा. ती कुठे असेल तिथून ऐकत असेल, अशी आशा करतो.