‘द वाइल्ड गीज’ : भाडोत्री शौर्याची परिभाषा

अँड्र्यू मॅकलॅग्लेन याने दिग्दर्शित केलेला ‘द वाइल्ड गीज’ हा इंग्रजी बोलपट 1978 साली प्रदर्शित झाला. डॅनियल कार्नी याच्या कथेवरून रेजिनल्ड रोज याने त्याची पटकथा रचली. उतारवयाकडे झुकलेले चार अधिकारी पन्नास भाडोत्री सैनिक जमवतात व मध्य आफ्रिकेतील एका कल्पित देशात बंदिवान असलेल्या लिंबानी या पदच्युत नेत्यास सोडवावयास निघतात. मोहिमेचा खर्च लंडनचा एक धनाढ्य पेढीवाला करतो. तांब्याच्या खाणींचा सौदा परस्पर जुळताच तो या सर्वांना वाऱ्यावर सोडतो. युद्धपटांच्या चाहत्यांत हा बोलपट आजही अभिजात गणला जातो. ही मान्यता सर्वस्वी अनाठायी नाही. परंतु तिची चिकित्सा व्हावयास हवी.

प्रथम नावाचा विचार करू. लिमरिकच्या 1691 च्या तहानंतर पॅट्रिक सार्सफील्डच्या मागोमाग जे आयरिश सैनिक फ्रान्सला गेले, त्यांना ‘वाइल्ड गीज’ ही संज्ञा प्राप्त झाली. (मराठीत ‘रानहंस’ म्हणावे, तर हंस शब्दाभोवतीचे नीरक्षीरविवेकाचे वलय अर्थाचा घात करते.) ते पराभूत राजाचे व स्वधर्माचे अनुयायी होते. बोलपटातील सैनिक मात्र करार करून, रक्कम ठरवून निघालेले आहेत. पराभवाचे कारुण्य वाहणारा शब्द येथे वेतनावर लढणाऱ्यांना बहाल झाला आहे. मराठीत हे इतके सुलभ नसते. ‘भाडोत्री’ या शब्दातच तुच्छता आहे. आणि 1773 साली नारायणराव पेशव्यांच्या वधानंतर ‘गारदी’ हा शब्दही निर्मळ राहिला नाही.

या नामकरणामागे एक जिवंत व्यक्ती उभी होती. काँगोमध्ये 1964-65 च्या सुमारास भाडोत्री तुकडीचे नेतृत्व केलेला माइक होर हा चित्रणाच्या वेळी लष्करी सल्लागार होता. आयरिश आईबापांचा हा मुलगा कलकत्त्यात जन्मला. याच गृहस्थाने 25 नोव्हेंबर 1981 रोजी सेशेल्समध्ये सत्ता उलथण्याचा प्रयत्न केला. तो फसताच त्याच्या माणसांनी साल्सबरीहून मुंबईस निघालेले एअर इंडियाचे विमान बळकावून दरबानला नेले. पडद्यावर जी सुटका वीरश्रीची म्हणून दाखवली, तिचे हे वास्तव रूप! पुढल्या वर्षी न्यायालयाने त्यास दहा वर्षांची शिक्षा दिली.

बोलपटाचा पूर्वार्ध उत्कृष्ट आहे, यात संशय नाही. रिचर्ड बर्टनचा फॉकनर मद्याने जर्जर झालेला आहे; रिचर्ड हॅरिसच्या जँडर्सला धाकट्या मुलाखेरीज जगात काही नको आहे. सुटलेल्या पोटांचे, धापा टाकणारे हे प्रौढ कवायतीत घामाघूम होतात आणि प्रेक्षक हसता हसता त्यांचा होऊन जातो. प्रत्येकाच्या श्वासाचा हिशेब दिग्दर्शक ठेवतो. आणि मग ते रात्री छावणीत शिरून निद्रिस्त सिंबा सैनिकांवर विषारी वायू फवारतात. तो श्वास मात्र कुणी मोजत नाही. ‘सिंबा’ म्हणजे स्वाहिलीत सिंह. काँगोतील 1964 च्या बंडखोरांचे हे नाव होते. परंतु या सिंहांमध्ये स्मरणात राहील असे एकही पात्र नाही, आणि त्यांच्या भाषेचे नावही प्रेक्षकाला कळत नाही. ज्याला बोली नाही, त्याचे मरण बोलपटात मरण ठरत नाही. हा दोष चित्रणतंत्राचा खचित नव्हे, दृष्टीचा आहे.

याउलट लिंबानी बोलतो, आणि तेथे बोलपट आपल्या योग्यतेपेक्षा उंच जातो. आजारी लिंबानीला पाठीवर वाहणारा कूट्झी हा दक्षिण आफ्रिकेतील गोरा आफ्रिकानर आहे. आरंभी त्याच्या शब्दाशब्दात वर्णद्वेष आहे. भूतकाळाची क्षमा एकाने व वर्तमानाची दुसऱ्याने करावी, असा लिंबानीचा युक्तिवाद आहे. संवाद काहीसे व्याख्यानवजा आहेत. तरीही ते पटतात, याचे श्रेय नटांचे. कूट्झीचे काम करणारा हार्डी क्रूगर जर्मन. लिंबानी झालेला विन्स्टन न्शोना हा पोर्ट एलिझाबेथच्या रंगभूमीवरचा नट. अॅथॉल फुगार्ड व जॉन कानी यांच्यासह त्याने वर्णभेदी कायद्यांवर नाटके रचली होती आणि 1976 साली त्यापायी अटकही सोसली होती. कानीही या बोलपटात आहे. चित्रण झाले ते त्याच वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेत; त्याविरुद्ध लंडनमध्ये निदर्शनेही झाली. निदर्शकांचा आक्षेप रास्त होता. परंतु न्शोनाच्या संथ, तोललेल्या इंग्रजीत जे ऐकू येते, ते पटकथेत क्वचितच सापडेल. कूट्झी मरतो, पुढे विमानात लिंबानीही मरतो. आणि त्यानंतर बोलपट पुन्हा गोऱ्या सेनानीच्या सूडाकडे वळतो. पेढीवाल्याचा वध होतो. लिंबानीच्या देशाचे पुढे काय झाले, हे कुणी विचारीत नाही.