पुस्तकातली उतरण, शाळेचे जोते

जुन्नरजवळच्या लेण्याद्रीला गेलेला माणूस तिथल्या पायऱ्या विसरत नाही. डोंगरात कोरलेल्या बौद्ध लेण्यांपर्यंत, आणि त्यांपैकी सातव्या लेण्यातील गिरिजात्मजापर्यंत, पोचायला तीनशेच्या आसपास पायऱ्या चढाव्या लागतात. शिवनेरीची मुख्य वाटही एकामागून एक सात दरवाजे ओलांडत वर जाते. अशा ठिकाणी चाकाची खुर्ची नेणे अवघड आहे. जुन्या दगडाला धक्का न लावता वाट कशी करायची, हा प्रश्न खरोखरच कठीण आहे.

पण 'आमचा भागच डोंगराळ' हे कारण जुन्नर-आंबेगावातल्या सपाट जागेवरील शाळा, ग्रामपंचायत कचेरी किंवा दवाखाना यांनाही लावले, तर ती पळवाट ठरते. तिथे अडसर डोंगराचा नसतो. तो तीन पायऱ्यांच्या जोत्याचा असतो.

हिशेब करून पाहू. पायरी १५ सेंटिमीटरची धरली, तर तीन पायऱ्यांचे जोते ४५ सेंटिमीटर उंच होते. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे सर्वमान्य प्रमाण १ ला १२ आहे, म्हणजे उंचीच्या बारापट लांबी. आपल्या जोत्याला ५.४ मीटर लांबीचा उतार लागेल. समोर तेवढी जागा नसेल, तर मध्ये दीड मीटरचा सपाट टप्पा ठेवून उतार वळवता येतो.

आता जागा आणि सिमेंट वाचवण्यासाठी हाच उतार दीड मीटरमध्ये उरकला, तर काय होईल? खुर्ची आणि माणूस मिळून ८० किलोग्रॅम वजन धरू व घर्षण सोडून देऊ. १ ला १२ च्या उतारावर सुमारे साडेसहा किलोग्रॅम वजन उचलण्याइतका जोर लागतो. दीड मीटरच्या उतारावर तो सुमारे २३ किलोग्रॅमवर जातो. एकूण कार्य तेवढेच, पण हाताला पेलेल की नाही हे जोर ठरवतो. उतरताना तर खुर्ची हातातून सुटण्याचीच भीती. असा उतार तपासणीच्या कागदावर 'आहे' असा नोंदला जातो. मुलाला मात्र पूर्वीसारखेच उचलून न्यावे लागते.

कायद्याची उणीव नाही. १९९५ चा अपंग व्यक्तींचा कायदा झाला, त्यानंतर २०१६ चा अधिक व्यापक कायदा आला. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी त्यात दिलेली पाच वर्षांची मुदत २०२२ मध्येच संपली. नियम केवळ मार्गदर्शनापुरते न राहता बंधनकारक असावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये बजावले. तरीही उतार मोजायला न्यायालय प्रत्येक गावात येणार नाही.

ते काम शाळेला करता येईल. साध्या यंत्रांच्या पाठात आपण उतरण शिकवतो. फळी, गाडी आणि तानकाटा घेऊन प्रयोगही करतो. त्याच दिवशी मुलांना मोजपट्टी देऊन दाराशी न्यावे. जोत्याची उंची आणि उताराची लांबी मोजावी व भागाकार करावा. बारापेक्षा कमी आला, तर आकडे लिहून शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावेत. मग दोन्ही बाजूंचे कठडे, पावसात न घसरणारा पृष्ठभाग आणि स्वच्छतागृहाच्या दाराची रुंदीही पाहावी.

लेण्याद्रीच्या पायऱ्यांचा प्रश्न सुटायला वेळ लागेल. शाळेच्या तीन पायऱ्यांना मात्र तेवढा वेळ मागण्याचा अधिकार नाही. उतरणीवर पाच गुण मिळवणारा वर्ग आपल्या मित्राला रोज उचलून आत नेत असेल, तर त्या पाठाची परीक्षा शाळेनेच पुन्हा द्यायला हवी.