कुळांच्या यादीबाहेरचा माणूस : आइसलँडच्या सागा आणि ‘महिकावतीची बखर’ यांतील परकीय

मध्ययुगीन कथनपर साहित्यातील परकीयांच्या चित्रणाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा विशेषणांकडे जाते. परका क्रूर दाखविला आहे की भोळा, कुरूप की धनाढ्य, याची मोजदाद केली की विषय संपला असे मानले जाते. परंतु विशेषणे सर्वत्र जवळपास सारखीच असतात. शत्रूला दुष्ट म्हणण्यासाठी कोणत्याही समाजाला फारशी प्रतिभा लागत नाही. त्यापेक्षा परक्याला नाव केव्हा मिळते, हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो. आइसलँडमधील सागा आणि उत्तर कोकणातील ‘महिकावतीची बखर’ यांचा परस्परांशी कोणताही संबंध नाही. तथापि या एका प्रश्नापुरते त्यांचे सहवाचन उपकारक आहे.

उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावर इ. स. 1000 च्या सुमारास झालेल्या सफरींचा वृत्तान्त मुख्यतः दोन सागांत येतो : ‘ग्रीनलँडवासीयांची सागा’ आणि ‘तांबड्या एरिकची सागा’. दोन्ही तेराव्या शतकातील, म्हणजे घटनांनंतर दोनशे वर्षांनी रचल्या गेलेल्या. तेथील मूळ रहिवाशांना सागाकार सरसकट ‘स्क्रेलिंग’ म्हणतात. त्यांचे डोळे मोठे, गाल रुंद, केस ओंगळ, एवढ्यात वर्णन आटोपते. व्यापाराचा प्रसंग मात्र रेंगाळून सांगितला आहे. कातड्यांच्या बदल्यात लाल कापड दिले जाते. कापड सरत आल्यावर पट्टे बोटभर रुंदीचे केले जातात, तरीही स्क्रेलिंग तेवढीच किंवा अधिक कातडी देतात. सागाकाराला येथे परक्यांचा भोळेपणा दाखवावयाचा असावा. आजच्या वाचकाला प्रथम दिसते ती विकणाऱ्याची लबाडी, आणि हा अर्थ सागाकाराच्या हातून नकळत निसटला आहे.

याच सागेच्या अखेरीस एक लहानसा प्रसंग आहे. परतीच्या वाटेवर पाच स्क्रेलिंग आढळतात. प्रौढ निसटतात, दोन मुलगे हाती लागतात. त्यांना भाषा शिकवली जाते, बाप्तिस्मा दिला जातो. आणि ती मुले सर्वप्रथम आपल्या आईवडिलांची व आपल्या देशातील राजांची नावे सांगतात. तोवर केवळ घोळका असलेल्या लोकांना वंश प्राप्त होतो. ‘लाक्सदेला सागे’तील मेल्कोर्काची कथाही याच जातीची. बाजारात विकत घेतलेली ही दासी मुकी समजली जाते. एके दिवशी ती ओढ्याकाठी आपल्या लहान मुलाशी बोलताना ऐकू येते, आणि आपण आयर्लंडच्या राजाची कन्या असल्याचे सांगते. तिचे परकेपण संपते ते तिच्या बोलण्यामुळे नव्हे, तर त्या बोलण्यातून पित्याचे नाव निघाल्यामुळे. आइसलँडची प्रारंभीची वसाहत नोंदविणारा ‘लान्दनामाबोक’ हा ग्रंथ सुमारे 430 मूळ वसाहतकार आणि तीन हजारांवर व्यक्तींची नावे देतो. जो समाज स्वतःच बाहेरून येऊन वसला, त्याने ‘आपला कोण’ हे ठरविण्यासाठी वंशावळीचा आधार घेतला.

येथून उत्तर कोकणाकडे वळता येते. विरार पूर्वेचे चंदनसार, आगाशी, सोपारा, वसई हा पट्टा ज्या प्रदेशात मोडतो, त्याच उत्तर कोकणाचा पूर्ववृत्तान्त ‘महिकावतीच्या बखरी’त आहे. वि. का. राजवाडे यांनी 1924 मध्ये ती प्रसिद्ध केली. निरनिराळ्या काळांतील सहा प्रकरणांची ही जुळवाजुळव असून केशवाचार्याच्या नावावरील जुना भाग पंधराव्या शतकातील आहे. बिंब राजाचे आगमन, त्याच्याबरोबर आलेली कुळे, त्यांची गोत्रे, वाटून दिलेली गावे आणि वृत्ती यांनी तिची पाने भरली आहेत. वाङ्मयीन आस्वादासाठी बखर उघडणारा वाचक या याद्यांपाशी कंटाळतो, हे स्वाभाविक आहे. मात्र बखरीचा प्राण तेथेच आहे. ‘लान्दनामाबोका’प्रमाणे येथेही आगंतुकच भूमिपुत्र झाले आहेत, आणि यादी हा त्याचा दाखला आहे. उलट नंतर येणारा ‘म्लेंच्छ’ सत्ता घेतो, परंतु त्याचे कुळ, गोत्र व वृत्ती नोंदविण्याचे कारण बखरकाराला उरत नाही. ‘महाराष्ट्र धर्म’ राखण्याची चिंता या बखरीत उमटते, तीही कुळाचार आणि वृत्ती मोडण्याच्या भीतीला लागूनच.

राजवाड्यांनी आपल्या दीर्घ प्रस्तावनेत, राज्यकर्ते बदलत असता येथील सामान्य जन उदासीन कसे राहिले, हा प्रश्न लावून धरला आणि सुलभ अन्न व स्वयंपूर्ण ग्रामजीवन यांत त्याचे कारण शोधले. हे विवेचन तेजस्वी असले तरी बखरीच्या रचनेकडे पाहता अपुरे वाटते. राजा यादीबाहेरचाच असेल, तर एक परका जाऊन दुसरा परका येणे ही यादीतील माणसाच्या दृष्टीने मोठी घटना ठरत नाही. तिला औदासीन्य म्हणण्याची घाई राजवाड्यांनी केली. त्यांच्यापुढे विसाव्या शतकातील राष्ट्राची कल्पना होती. बखरकारापुढे ती नव्हती.

परक्याला ओळखण्याची दुसरी रीत मराठीत नव्हती असे नाही. ‘फिरंगी’ हा शब्दच पाहावा. फ्रँक लोकांचे नाव अरबी-फारसीतून फिरत मराठीत आले. म्हणजे एका परक्याचे नाव दुसऱ्या परक्याकडून उसने घेतलेले. 1715-16 च्या सुमाराचे, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेले ‘आज्ञापत्र’ टोपीकरांची फोड करते : पोर्तुगीज, इंग्रज, डच, फ्रेंच आणि ‘डिंगमार’ म्हणजे डेन. (आइसलँड तेव्हा याच डेन राजाच्या अमलाखाली होता, हा एक गमतीचा योगायोग.) ते साधे सावकार नव्हेत, प्रत्येकाच्या पाठीशी राजा आहे, म्हणून त्यांना समुद्रकिनारी जागा देऊ नये, असा त्यातील सल्ला आहे. येथे विशेषणे कमी आणि निरीक्षण अधिक. कथनाने न केलेले काम राजनीतीच्या ग्रंथाने केले.

वसईच्या संदर्भात हा भेद केवळ ग्रंथगत राहत नाही. 1534 पासून दोनशेहून अधिक वर्षे वसई पोर्तुगीजांकडे होती; मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने ती घेतली. शरणागतीच्या कलमांत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांना धर्माचरणाची मुभा आणि काही चर्च राखण्याची तरतूद होती. जिंकणाऱ्यांना राज्यकर्ता फिरंगी आणि त्याच्या धर्माचा स्थानिक रयत यांतील फरक कळत होता. नंतरच्या लोकप्रिय कथनांतून आणि पुष्कळदा वर्गातील अध्यापनातून हा फरक पुसट होतो. ‘फिरंगी’ हा एकच शब्द किल्ल्यातील कप्तानालाही लागतो आणि बागायत कसणाऱ्या शेतकऱ्यालाही. त्याच वर्गात परेरा किंवा लोपीस आडनावाचा, घरी सामवेदी किंवा वाडवळी बोली बोलणारा विद्यार्थी बसलेला असतो. वसईतील सामवेदी व वाडवळ ख्रिस्ती समाजांची पूर्वपरंपरा याच पट्ट्यातील सामवेदी ब्राह्मण आणि पाचकळशी-सोमवंशी समाजांशी जोडली जाते. सोमवंशी कुळांच्या ज्या याद्यांपाशी वाचक कंटाळतो, त्यांतच या वर्गातील काहींच्या पूर्वजांची कुळे असण्याचा संभव आहे. बखर शिकविताना लढाईच्या प्रकरणांबरोबर या याद्याही वाचाव्यात, आणि त्या मोठ्याने वाचाव्यात.