चित्रपटांची पायरसी व आर्थिक हानीचे दावे : एक चिकित्सा

पायरसीमुळे होणाऱ्या हानीचे आकडे बहुधा एकाच गृहीतकावर उभे असतात : प्रत्येक चोरटी प्रत म्हणजे एक बुडालेले तिकीट. नागराज मंजुळे दिग्दर्शित 'सैराट' (२०१६) च्या चोरट्या प्रती मोबाइलवरून फिरल्या, तरीही शंभर कोटींच्या उत्पन्नाचा टप्पा गाठणारा तो पहिला मराठी चित्रपट ठरला. यावरून पायरसी निरुपद्रवी ठरत नाही. मात्र प्रतींची संख्या गुणिले तिकीटदर हे समीकरण अपुरे ठरते. चित्रपटगृहच नसलेल्या गावात पाहिलेली प्रत कोणत्या तिकिटाची जागा घेते? शिवाय प्रेक्षकाचा वाचलेला पैसा अन्यत्र खर्च होतो. म्हणून निर्मात्याची हानी ही राष्ट्राची तितकीच हानी नव्हे. अमेरिकेच्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसनेही २०१० मध्ये बनावट मालाविषयीचे तीन बहुचर्चित सरकारी अंदाज निराधार असल्याचे नोंदविले. भारतात २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ (सुधारणा) अधिनियमाने ३ वर्षांपर्यंत कारावास आणि निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड ठरविला आहे. शिक्षा इतकी कठोर असताना तिच्या समर्थनार्थ दिले जाणारे आकडे तपासता येण्याजोगे असावेत. मोजक्या पडद्यांवर झळकणाऱ्या मराठी चित्रपटाच्या निर्मात्याचे नुकसान खरे असते. फुगवलेल्या आकड्यांमुळे तेच झाकले जाते.