मडमेची रोजनिशी आणि आमचं पाणी

गेल्या महिन्यात बुरोंडीच्या आमच्या अभ्यासवर्गात भांडण झालं. भांडण पुस्तकावरून झालं याचा मला आनंदच आहे. एरवी आपली भांडणं खुर्चीवरून होतात.

पुस्तक इंग्रजी, 1838 साली एडिंबरोला छापलेलं. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यानं आपल्या मेलेल्या बायकोचं, मार्गारेटचं, चरित्र लिहिलं आणि त्यात तिच्या पत्रांचे, रोजनिशीचे उतारे घातले. हा विल्सन म्हणजे ज्याच्या नावाचं मुंबईत चौपाटीला कॉलेज आहे तोच. 1829 च्या फेब्रुवारीत नवराबायको मुंबईत उतरली आणि मराठी शिकायला आली कुठं, तर आमच्याकडं. बाणकोट-हर्णैला. बुरोंडीहून किनाऱ्याकिनाऱ्यानं लाडघर, कर्दे, मुरूड मागं टाकलं की हर्णै. दापोलीच्या एका मित्रानं या पुस्तकाची पानं आणली. मी शब्दकोश मांडीवर घेऊन ती वाचली आणि वर्गात सांगितली.

एक दोस्त तडकला. म्हणाला, गोऱ्या मडमेच्या सुखदुःखाशी आपला काय संबंध? आपल्या आयांच्या रोजनिश्या कुणी छापल्या? त्यावर एक पोरगी उठली. म्हणाली, त्यांनी शाळा काढल्या म्हणून तू आज हे बोलतोयस. मग जुंपली.

मला दोघांचंही पटत नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी पुस्तकाला त्याचं माप देऊ. ही माणसं मौजेला आली नव्हती. स्कॉटिश मिशनरी सोसायटीचा पहिला माणूस डोनाल्ड मिचेल 1823 साली आला आणि त्याच वर्षी मेला. मागून आलेले बाणकोट-हर्णैला टिकले. शिडाच्या जहाजानं आफ्रिकेला वळसा घालून पत्र जायचं, त्याला महिनेच्या महिने लागायचे. म्हणजे घरी कुणी आजारी असल्याचं कळेपर्यंत ते माणूस बरं तरी झालेलं असायचं, नाहीतर पुरलेलं. मार्गारेट मुंबईत 1835 च्या एप्रिलात गेली, वय वर्षं एकोणचाळीस. तेवढ्यात तिनं मराठी शिकली, मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. सावित्रीबाईंच्या आधीची ही गोष्ट. तिच्या दुःखाला खोटं म्हणणारा मी कोण?

पण दुःख खरं असलं म्हणजे लेखन खरं झालं असं नाही. इथंच टीका सुरू होते.

मिशनऱ्याची रोजनिशी ही एकट्यानं एकट्यासाठी लिहिलेली वही नसते. मिशन चालायचं ते स्वदेशातल्या वर्गणीवर. पत्रं तिकडं जायची, अहवालात छापली जायची, सभांत वाचली जायची. वर्गणी देणाऱ्या बाईला काय वाचायला हवं? अंधारातला देश, मूर्तीपुढं नाचणारे लोक आणि त्यात सकाळी उठून प्रार्थना करणारी आपली बहीण. दिवस जगला जातो हर्णैत, पण त्याची मांडणी होते स्कॉटलंडच्या डोळ्यांसाठी. त्यात हे पुस्तक नवऱ्यानं निवडलेल्या उताऱ्यांचं. बायको गेल्यावर नवरा तिच्या वह्या चाळतो, तेव्हा तो काय ठेवील आणि काय गाळील? आपल्याकडं स्मृतिग्रंथ निघतात ते आठवा. मेलेला प्रत्येक माणूस त्यात थोर असतो. असो.

आता हर्णैचा दिवस घ्या. 1829 साली तिथं नळ नव्हता. गोऱ्या साहेबाच्या घरात स्वैपाक, धुणं, आंघोळ, सगळं विहिरीवर. रोजनिशीत प्रार्थना किती वाजता झाली ते येतं, पंडित किती वेळ बसला ते येतं. घागर कुणी आणली, हे आपल्याला विचारावं लागतं. म्हणून मी विचारतो. घागर आणणारा कुठल्या वाडीतला? त्याला विहिरीवर चढू दिलं जायचं का? तो महार असेल तर मराठी शिकवायला येणारा पंडित त्या घरात बसला असता का? आणि पंडित बसला असेल, तर मग घागर कुणाची असणार?

हे प्रश्न खवचटपणाचे नाहीत. मिशनला पंडिताशिवाय चालत नव्हतं. भाषा त्याच्याकडून शिकायची, आणि सुरुवातीच्या मिशनशाळांत मास्तर म्हणूनही बहुतेक ब्राह्मणच ठेवलेले. म्हणजे येशूचा निरोप ज्या मराठीतून यायचा तीही आधी सोवळ्यात धुऊन निघालेली. बंदरावरची मराठी, मासे मोजणाऱ्या बाईची, आमच्या वाडीतली मराठी त्यांच्या कानावर पडत असणारच. पण धडा गिरवला तो पंडिताच्या पाटीवर.

बाबासाहेबांनी हे दुखणं नेमकं पकडलंय. अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावरचा त्यांचा लेख त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. 1989 साली महाराष्ट्र शासनाच्या पाचव्या खंडात आला. त्यात ते मिशनची सेवा नाकारत नाहीत. पण आधी ब्राह्मण बाटवू, म्हणजे खालचे आपोआप मागं येतील, हा हिशेबच चुकला, असं त्यांचं म्हणणं. शाळा-कॉलेजांचं लोणी वरच्या जातींनी खाल्लं आणि धर्म आपला शाबूत ठेवला. विल्सनच्याच काळात, 1843 साली, शेषाद्री घराण्यातला नारायण ख्रिस्ती झाला, त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनच्या घरी राहायला गेला, तेव्हा केवढा गहजब! कोर्टकचेरी झाली, श्रीपतला परत जातीत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले, त्यावर पुन्हा ब्राह्मणांत दोन तट. एका पोराच्या शुद्धतेवरून सगळी मुंबई बोलली. घागरवाल्याच्या नावानं कुणी ब्र काढला नाही.

इथवर माझा दोस्त खूष झाला असेल. त्यानं जरा थांबावं.

बाणकोटला आलेल्यांत एक जेम्स मिचेल होता. तो पुढं पुण्याला गेला. तिथल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत 1841 पासून जोतीराव फुले शिकले. सावित्रीबाईंचं अध्यापनाचं शिक्षण नगरला मिस फॅरार आणि पुण्याला मिसेस मिचेल यांच्याकडं झालं. मग फुल्यांच्या शाळेत शिकली मुक्ता, मांगाची पोर, चौदा वर्षांची. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 साली छापला कुणी? ‘ज्ञानोदय’नं. म्हणजे अमेरिकन मराठी मिशनच्या पत्रानं. आमच्या किनाऱ्यावरून निघालेला एक धागा असा मुक्तापर्यंत जातो. तो मी तोडू शकत नाही, तोडायचाही नाही.

पण मुक्ता काय लिहिते ते मडमेच्या रोजनिशीशेजारी ठेवून पाहा. मुक्ताही दिवसच सांगते. आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा घरावर छप्पर नसतं, हे ती सांगते. तिच्यापुढं वर्गणीदार नाही. ती सरळ देवाला आणि पंडिताला जाब विचारते, वेद तुमचे तर आमचा धर्म कोणता? अख्खं मिशन जे विचारायला कचरलं ते या पोरीनं मिशनच्याच कागदावर विचारलं. उपकार म्हणायचेच तर कागदाचे म्हणा. प्रश्न तिचा स्वतःचा.

आणि हे पुण्यातच घडलं असंही नाही. काप दापोलीत पलटणीतले पेन्शनर महार राहायचे. रामजी सुभेदारही काही काळ तिथं होते. गोपाळबाबा वलंगकर 1886 ला पलटणीतून निवृत्त झाले आणि 1888 ला त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’मधून धर्मपंडितांना एकामागून एक प्रश्न घातले. हर्णैच्या रोजनिशीनंतर साठ वर्षं गेली होती. अंतर एका सकाळच्या चालीचं.

म्हणून त्या पोरीलाही माझं सांगणं आहे. शाळा काढली हे खरं, पण शाळेच्या ओसरीवर कोण बसलं होतं ते विचार. बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ 1986 ला पुस्तकरूपानं आलं. त्यात चूल, भूक, पाणी, बाळंतपण, सगळं नावागावासकट आहे. ती रोजनिशीच आहे, फक्त ज्यांनी घागर वाहिली त्यांच्या बाजूनं लिहिलेली. दोन्ही पुस्तकं एकत्र वाचल्याशिवाय हर्णैचा दिवस पुरा होत नाही.

माझी आई पहाटे मोळी घेऊन बुरोंडीहून दापोलीचा घाट चढायची. वाटेत तहान लागली तर कुणाच्या दारात थांबायचं आणि कुणाच्या नाही, हे तिला पाठ होतं. अजून आहे. पुढच्या रविवारी वर्गात ती पानं पुन्हा काढणार आहोत. मी वाचीन आणि मराठीत सांगीन. आईला पुढं बसवायचं ठरलंय. पाण्याचे प्रश्न तीच विचारणार.