हरवलेला भयपट आणि ‘का हरवला?’ याचा पुरावा

पेटची परीक्षा, गाइडचा शोध आणि सिनॉप्सिस या धावपळीत एक वाक्य तुम्ही हमखास लिहिणार आहात: ‘या विषयावर आजवर पुरेसं संशोधन झालेलं नाही.’ त्याच्या मागोमाग एक कारणही येतं. विषय दुर्लक्षित राहिला, किंवा साधनं नव्हती, किंवा कोणाला महत्त्वच वाटलं नाही. पहिल्या वाक्याला आपण निदान चार संदर्भ जोडतो. दुसऱ्याला बहुतेक वेळा एकही नसतो. आज बोलायचंय ते या दुसऱ्या वाक्याबद्दल, आणि त्यासाठी उदाहरण घेतेय हरवलेले चित्रपट, विशेषतः भयपट, शोधत फिरणाऱ्या चाहत्यांचं.

हसू नका. ही मंडळी काही बाबतीत आपल्यापेक्षा शिस्तीची असतात. ‘लंडन आफ्टर मिडनाइट’ हा टॉड ब्राउनिंगचा १९२७ चा मूकपट घ्या. लॉन चेनीचे ते टोकदार दात आणि उंच हॅट तुम्ही फोटोत पाहिलेही असतील. त्याची शेवटची ज्ञात प्रत १९६५ मध्ये एमजीएमच्या गोदामाला लागलेल्या आगीत गेली. उरलं काय? स्थिरचित्रं आणि पटकथा. २००२ मध्ये रिक श्मिडलिन यांनी त्यांवरून एक पुनर्रचना केली. ती मूळ चित्रपट असल्याचा दावा कोणी केला नाही. शिवाय ब्राउनिंगनेच १९३५ मध्ये हीच गोष्ट ‘मार्क ऑफ द व्हॅम्पायर’ म्हणून पुन्हा चित्रित केली आणि तो चित्रपट आजही बघता येतो. म्हणजे तुलनेला आधार आहे. काय हातात आहे, काय नाही आणि कशावरून काय म्हणता येतं, हे इथे स्वच्छ वेगळं ठेवलंय. आपल्या पहिल्या प्रकरणात एवढं जमलं तरी खूप झालं.

घसरण होते ती कारणाकडे वळल्यावर. निकलोडियन या मुलांच्या वाहिनीने २८ ऑक्टोबर २००० ला ‘क्राय बेबी लेन’ नावाचा भयपट दाखवला. जुळ्या भावांची गोष्ट, एक चांगला आणि एक दुष्ट. त्यानंतर अनेक वर्षं तो पुन्हा दिसलाच नाही. लहानपणी पाहिलेल्यांना तो आठवायचा, बाकीच्यांना ती थाप वाटायची. मधली रिकामी जागा एका गोष्टीने भरली: चित्रपट इतका भयानक होता की पालकांनी तक्रारी केल्या आणि वाहिनीने बंदी घातली. २०११ मध्ये कोणाच्या तरी घरातल्या व्हीएचएस कॅसेटवर टीव्हीवरून रेकॉर्ड केलेली प्रत निघाली. आणि गंमत बघा, त्याच वर्षीच्या हॅलोविनला टीननिक या भावंड वाहिनीने तो पुन्हा दाखवलाही. बंदी घालायचं कारण खरंच इतकं गंभीर असतं तर हे एवढ्या सहज झालं असतं का? बंदीचा आदेश म्हणावा असा कागद तर समोर आलाच नाही. ‘पुन्हा लावला नाही, मग विसरले’ हे कारण निरस आहे, पण उपलब्ध माहितीत ते जास्त नीट बसतं.

आपल्याकडे याच्या जवळचं उदाहरण म्हणजे अनुराग कश्यपचा ‘पाँच’. भयपट नाही, हिंसक गुन्हेपट आहे. त्यामागची प्रेरणा मात्र अंगावर काटा आणणारी: पुण्यातलं १९७६-७७ चं जोशी-अभ्यंकर हत्याकांड. थिएटरला न लागलेला हा चित्रपट एका पिढीने इकडून तिकडे फिरणाऱ्या प्रतीवर पाहिला. ‘का लागला नाही?’ असं विचारलं की उत्तर तयार असतं: सेन्सॉरने अडवला. हे अर्धंच खरं आहे. सेन्सॉर बोर्डाने हिंसा, ड्रग्ज आणि भाषा यांवर आक्षेप घेतले होते. पण पुढे काटछाट करून प्रमाणपत्र मिळालं आणि त्यानंतर चित्रपट अडकला तो निर्मात्याच्या अडचणींत. अडवणारी संस्था विरुद्ध बंडखोर कलावंत ही गोष्ट सांगायला सोपी जाते. पैशाअभावी पडून राहिलेल्या रिळांची गोष्ट कोण सांगणार?

ही गल्लत सगळ्यात स्पष्ट दिसते ती भयपटाच्या बाहेर, ‘आलम आरा’च्या बाबतीत. १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागलेला हा आपला पहिला बोलपट आज उपलब्ध नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात ठेवलेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्म्सना आग लागली. तेव्हापासून ‘आलम आराची शेवटची प्रत त्या आगीत जळाली’ हे वाक्य छापून येतंय. संग्रहालय ज्यांनी उभं केलं त्या पी. के. नायर यांनी ते खोडून काढलं. संग्रहालय स्थापन झालं १९६४ मध्ये आणि हा चित्रपट त्यांच्या हाती कधी आलाच नव्हता. त्यांनी सांगितलेली हकीकत वेगळी आहे. ते अर्देशिर इराणींना भेटले तेव्हा काही रिळं असतील असं इराणी म्हणाले. मुलाने मात्र खरं काय ते सांगितलं: चांदी काढण्यासाठी ती केव्हाच देऊन टाकली होती.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. कृष्णधवल फिल्मवरची प्रतिमा ही धातुरूप चांदीच असते, त्यामुळे जुनी रिळं म्हणजे काढता येण्याजोगा पैसा. शिवाय नायट्रेट फिल्म जुनी होताना नायट्रोजनची ऑक्साइड्स सोडते, ओलाव्याशी त्यांचं आम्ल होतं आणि ते आम्ल उरलेल्या फिल्मचा ऱ्हास आणखी वेगाने घडवतं. खराब झालेलं नायट्रेट चाळीस अंशांच्या आसपास बराच काळ राहिलं तर आपोआप पेटू शकतं. वाशीम-अकोल्याचा मे महिना डोळ्यांसमोर आणा, म्हणजे पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या डब्याचं काय होत असेल ते कळेल. आग खरी असते, पण तिच्या आधी बरंच काही शांतपणे संपलेलं असतं.

तुम्ही म्हणाल, कारण चुकलं म्हणून काय बिघडलं, चित्रपट तर तसाही नाही. बिघडतं ते असं: कारण ठरलं की शोधाची दिशा ठरते. ‘बंदी घातली’ म्हटलं की सगळे वाहिनीच्या तिजोरीकडे बघत बसतात, आणि प्रत निघते एका घरातल्या कॅसेटवर. ‘२००३ मध्ये जळाली’ म्हटलं की दोन गोष्टी होतात. १९६४ च्या आधीच्या तीन दशकांत ती रिळं कोणाकोणाच्या हातून गेली हा प्रश्नच विचारला जात नाही, आणि जे संग्रहालय वाचवायला बसलं होतं त्याच्यावर न केलेल्या चुकीचा ठपका बसतो. चाहत्यांच्या मोहिमांवर माझा आक्षेप इथे आहे. ‘काय हरवलं’ याचा पुरावा ते काटेकोरपणे मागतात, ‘का हरवलं’ हे मात्र ऐकीव चालवून घेतात.

हरवलेपणाने गुणही फुगतात. आग लागण्याआधी ‘लंडन आफ्टर मिडनाइट’ पाहिलेल्या काही जाणकारांनी तो साधारणच असल्याचं सांगून ठेवलंय. त्यात पिशाच्च खरं नसतंच, तो डिटेक्टिव्हचा बनाव असतो. तरी यादी काढली की तो वरच. आपण सापडत नसलेल्या पेपरबद्दल असंच करतो. ‘त्यात नक्की सगळं असणार’ असं धरून दोन महिने घालवतो.

तर सिनॉप्सिस लिहिताना एवढं करून बघा. ‘संशोधन झालेलं नाही’ या वाक्याखाली, कच्च्या कागदावर, तीन ओळी लिहा. एक: मी कुठे कुठे शोधलं, तारखेसह. ‘सापडलं नाही’ आणि ‘नाही’ यातलं अंतर या ओळीतच दिसतं. दोन: ते का झालं नसेल याची निदान दोन कारणं, त्यातलं एक अगदी कंटाळवाणं. अनुदान संपलं, माणूस निवृत्त झाला, प्रबंध झाला पण ग्रंथालयात पडून राहिला, वगैरे. तीन: माझं कारण चुकीचं असेल तर मला काय दिसायला हवं? ‘आलम आरा’च्या बाबतीत हा प्रश्न सोपा होता. संग्रहालयाच्या आवक नोंदीत चित्रपटाचं नाव दिसायला हवं. ते नव्हतं, म्हणून आगीची गोष्ट पडली.

कंटाळवाणं कारण आधी तपासा. ते खरं निघालं तर शोध बहुतेक जवळच्याच एखाद्या कपाटापाशी जातो: विभागाच्या जुन्या प्रबंधांपाशी, किंवा निवृत्त सरांच्या घरातल्या गठ्ठ्यापाशी. तिथे जायला एसटीचं तिकीट पुरतं. आणि तिथेही काही निघालं नाही, तर तुमचं ते पहिलं वाक्य तुम्ही व्हायव्हात न अडखळता म्हणू शकाल.